आश्रित निवडसूची : संबंध, अवस्था आणि संगती

१. संज्ञा

वेबवरील अर्जात ठरावीक पर्यायांमधून एक पर्याय निवडण्यासाठी जो घटक योजला जातो, त्यास व्यवहारात ड्रॉपडाउन म्हणतात. प्रस्तुत विवेचनात त्यास निवडसूची अथवा नुसते सूची असे म्हटले आहे. एचटीएमएलमध्ये हे कार्य ‘सिलेक्ट’ हा घटक करतो आणि १९९५ मधील एचटीएमएल २.० च्या विनिर्देशापासून तो त्या भाषेत आहे. सूचीतील प्रत्येक पर्यायाला दोन अंगे असतात : (१) नाम, म्हणजे अर्ज भरणाऱ्याला दिसणारा मजकूर, (२) मूल्य, म्हणजे अर्ज सादर केल्यावर सर्व्हरकडे जाणारा संकेत. नाम हे मनुष्यासाठी आणि मूल्य हे यंत्रासाठी असते. पुढील बहुतेक निष्कर्ष याच भेदावर उभे आहेत.

दोन सूचींपैकी एकीत झालेल्या निवडीवरून दुसरीत कोणते पर्याय असावेत हे ठरत असेल, तर पहिलीस नियामक सूची आणि दुसरीस आश्रित सूची म्हणावे. या संज्ञा सापेक्ष आहेत. तालुक्याची सूची जिल्ह्याच्या दृष्टीने आश्रित असते व गावाच्या दृष्टीने नियामक असते. अशा एकापुढे एक जोडलेल्या सूचींना साखळी म्हणावे. नियामक सूचीच्या प्रत्येक मूल्याला आश्रित मूल्यांचा एक संच जोडून देणारी जी व्यवस्था, तिला संबंध म्हणावे.

आता मुख्य नियम सांगता येतो. अर्ज उघडल्यापासून तो सादर होईपर्यंतच्या कोणत्याही क्षणी, आश्रित सूचीत निवडलेले मूल्य हे नियामक सूचीच्या त्या क्षणीच्या मूल्याला जोडलेल्या संचातीलच असले पाहिजे. तसे नसेल तर आश्रित सूचीत कोणतीही निवड असता कामा नये. यास संगतिनियम म्हणावे. आश्रित सूची रचणे म्हणजे हा नियम अखंड पाळणे होय. पर्यायांची अदलाबदल डोळ्यांना दिसते म्हणून तीच मुख्य क्रिया वाटते. वस्तुतः ती नियमपालनाचे एक साधन आहे. ज्या अर्जात पर्याय बदलतात पण नियम मोडतो, तो अर्ज सदोषच मानावा.

उदाहरण म्हणून महाराष्ट्रातील जिल्हा, तालुका आणि गाव ही साखळी घेतली आहे. सातबारा उतारा, उत्पन्नाचा किंवा अधिवासाचा दाखला, पीक विमा, शिष्यवृत्ती, महाविद्यालयीन प्रवेश अशा असंख्य ठिकाणी हीच त्रयी विचारली जाते. राज्यात ३६ जिल्हे व ३५८ तालुके आहेत, आणि गावे चाळीस हजारांहून अधिक आहेत. अर्जात तालुका चुकला की दाखला चुकतो, आणि तो दुरुस्त करून घेण्यासाठी एखाद्याला एक दिवसाची मजुरी बुडवून तहसील कार्यालयात जावे लागते. म्हणून हा विषय लहान समजण्याचे कारण नाही.

२. संबंधाचे प्रकार

संबंध तीन प्रकारचे असतात.

पहिला एकपितृक. यात प्रत्येक आश्रित मूल्य एकाच नियामक मूल्याला जोडलेले असते. तालुका एकाच जिल्ह्यात असतो, महसुली गाव एकाच तालुक्यात असते. दुसरा बहुपितृक. यात एकच आश्रित मूल्य अनेक नियामक मूल्यांखाली येते. जिल्ह्यानुसार पिनकोड दाखवायचे ठरवले तर हा प्रकार उद्भवतो, कारण टपाल खात्याची वाटपक्षेत्रे महसुली सीमांना बांधलेली नाहीत. अभ्यासक्रम निवडून महाविद्यालय निवडण्याची साखळीही याच जातीची. तिसरा संयुक्त. यात आश्रित संच एका नियामकाने ठरत नाही. दोन किंवा अधिक नियामक मिळून तो ठरवतात. जन्मतारखेतील दिवसाची सूची हे याचे सर्वांत साधे उदाहरण : फेब्रुवारीत २९ हा पर्याय असावा की नाही हे महिना एकटा सांगू शकत नाही, वर्षही लागते.

प्रकारभेदातून तीन परिणाम निघतात. एकपितृक संबंधात आश्रितावरून नियामक निश्चित होतो. म्हणून गाव कळले की तालुका व जिल्हा वेगळे साठवण्याची तर्कतः गरज नसते. बहुपितृक संबंधात हे खरे नाही, तेथे दोन्ही मूल्ये साठवावी लागतात. संयुक्त संबंधात कोणताही एक नियामक बदलला तरी आश्रिताची फेरतपासणी करावी लागते. संबंध कोणत्या प्रकारचा हे न ठरवता रचनेस आरंभ केला, तर पुढे डेटाबेसचा आराखडाच बदलण्याची वेळ येते.

संबंधाच्या टोकाच्या स्थितीही आरंभीच पाहाव्यात. संच रिक्त असू शकतो. मुंबई शहर या जिल्ह्यात तालुके नाहीत. मुंबई उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे तीन आहेत. ‘तालुका अनिवार्य’ असा सरसकट नियम लावलेला अर्ज मुंबई शहरातील रहिवाशाला पुढे जाऊच देत नाही. रिक्त संच ही माहितीतील उणीव नव्हे, तो संबंधाचाच एक वैध भाग आहे, आणि रचनेत त्यास स्वतंत्र स्थान हवे.

नाम आणि मूल्य यांतील भेद येथे कसाला लागतो. एकच नाम दोन भिन्न वस्तूंचे असू शकते. खेड तालुका पुणे जिल्ह्यात आहे आणि रत्नागिरी जिल्ह्यातही आहे. कर्जत रायगडमध्ये आहे, तसेच अहिल्यानगरमध्येही. मालेगाव नाशिकमध्ये व वाशिममध्ये, आष्टी बीडमध्ये व वर्ध्यामध्ये आहे. उलट, एकाच वस्तूची दोन नामे असू शकतात. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याचे नाव कोणी कराड लिहितो, कोणी कऱ्हाड. त्यातही कऱ्हाड या एकाच लेखनाचे यंत्राच्या दृष्टीने दोन प्रकार आहेत : एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर व हलन्त असतो, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. यंत्राने तुलना केली तर ती भिन्न ठरतात. यावरून निष्कर्ष निघतो की नामाला मूल्य म्हणून वापरू नये. मूल्य हा अर्थनिरपेक्ष व अचल संकेत असावा. असा संकेत नव्याने कल्पिण्याची गरजही नाही. केंद्र शासनाच्या पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत राज्यापासून गावापर्यंत प्रत्येक घटकाला संकेतांक दिलेला आहे. तीत महाराष्ट्राचा संकेतांक २७ आहे.

३. साखळीत कोणत्या पायऱ्या असाव्यात

महसुली व्यवस्थेत विभाग, जिल्हा, उपविभाग, तालुका, मंडळ, साझा आणि गाव अशी उतरंड आहे. ती सर्वच्या सर्व अर्जात आणणे हा प्रमाद होय. पायरी साखळीत घेण्यास दोन अटी आहेत : (१) ती अर्ज भरणाऱ्याला ठाऊक असली पाहिजे, (२) तिने पुढील सूची वाचनीय होईल इतकी आखूड झाली पाहिजे. साझा पहिल्या अटीत नापास होतो, कारण आपले गाव कोणत्या साझ्यात येते हे सर्वांना सांगता येत नाही. विभाग दुसऱ्या अटीत नापास होतो; ३६ नावांची सूची मुळात वाचनीय आहे, तिच्याआधी सहा विभागांची सूची ठेवल्याने एक निवड वाढते व लाभ होत नाही. जिल्हा, तालुका आणि गाव या तिन्ही पायऱ्या दोन्ही अटी पुऱ्या करतात. सरासरीने एका जिल्ह्यात दहा तालुके व एका तालुक्यात सुमारे १२० गावे पडतात. यांतील दहाची सूची सुखावह आहे. १२० ची सूची सोसण्याच्या सीमेवर आहे, आणि तेथे टंकून शोधण्याची सोय सोबत द्यावी हे उत्तम. त्या शोधपेटीने गावाचे नाव देवनागरीतून व रोमन लिपीतून, दोन्ही प्रकारे ओळखावे, कारण पुष्कळांच्या कळफलकावर रोमन अक्षरेच असतात.

सूचीच्या क्रमाबाबत एक सूचना आवश्यक आहे. युनिकोडच्या संकेतक्रमात ‘ळ’ हा ‘ल’ व ‘व’ यांच्या मध्ये येतो. मराठी वर्णमालेत तो ‘ह’ नंतर येतो. यंत्राने संकेतक्रमाने सूची लावली तर कळवण हे कवठ्याच्या आधी येते आणि मराठी वाचक ते भलत्या ठिकाणी शोधत राहतो. क्रम सर्व्हरवर एकदाच मराठी वर्णक्रमाने लावून प्रत्येक नोंदीसोबत अनुक्रमांक साठवावा.

४. संबंधाचे वहन

संबंध सर्व्हरवर असतो व निवड ब्राउझरात होते. म्हणून संबंध केव्हा व किती प्रमाणात ब्राउझरकडे न्यावा हा प्रश्न येतो. याचे तीन मार्ग आहेत. (१) पूर्ववहन : संपूर्ण संबंध पानासोबतच पाठवणे. (२) प्रसंगवहन : नियामकात निवड झाल्यावर तेवढाच संच मागवणे. (३) पृष्ठवहन : प्रत्येक निवडीनंतर नवे पान सर्व्हरकडून आणणे. तिसरा मार्ग सर्वांत जुना, आणि जावास्क्रिप्टवाचून चालणारा एवढाच त्याचा आजचा उपयोग. दुसरा मार्ग २००५ नंतर, एजॅक्स हे नाव रूढ झाल्यावर, सर्वत्र पसरला. इतका की जेथे पहिला पुरेसा आहे तेथेही दुसराच योजण्याची सवय लागली.

निवड सवयीने न करता गणिताने करावी. ‘डहाणू’ या नावात युनिकोडचे ५ संकेत आहेत. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत ३ बाइट घेतो; म्हणजे नाव १५ बाइटांचे झाले. संकेतांक, अवतरणचिन्हे व विभाजक धरून एका नोंदीस ढोबळमानाने ४० बाइट लागतात असे मानू. ३५८ तालुक्यांचा संबंध सुमारे १४ किलोबाइटांचा होतो. एका साध्या छायाचित्राहूनही हे ओझे कमी आहे, आणि संक्षेपणानंतर ते आणखी उतरते. चाळीस हजार गावांचा संबंध मात्र १६ लाख बाइटांचा होतो, तर एका तालुक्याची १२० गावे पाच किलोबाइटांच्या आत बसतात. निष्कर्ष उघड आहे : जिल्हा ते तालुका या दुव्यास पूर्ववहन योग्य, तालुका ते गाव या दुव्यास प्रसंगवहन योग्य. एकाच साखळीतील दोन दुव्यांना दोन भिन्न मार्ग लावण्यास कोणताही नियम आड येत नाही. उलट यातून मोठा लाभ होतो. डोंगरकपारीच्या गावात, जेथे संपर्क येत-जात असतो, तेथे तालुक्याची सूची संपर्क नसतानाही तत्काळ भरते व प्रतीक्षा एकाच पायरीपुरती उरते.

प्रसंगवहनात आलेला संच ब्राउझरने जपून ठेवावा. गावांची सूची दररोज बदलत नाही. सूचीच्या पत्त्यातच आवृत्तीचा क्रमांक घातला, तर जुनी प्रत दीर्घकाळ वापरता येते आणि सूची बदलल्यावर नवा क्रमांक आपोआप नवी प्रत आणतो.

५. आश्रित सूचीच्या अवस्था

आश्रित सूची कोणत्याही क्षणी पुढील सहांपैकी एका अवस्थेत असते.

(१) अनियत : नियामकात निवडच झालेली नाही. (२) प्रतीक्षा : नियामकात निवड झाली आहे, संच मागवला आहे, आलेला नाही. (३) सिद्ध : संच आला आहे, निवड झालेली नाही. (४) निश्चित : निवड झाली आहे. (५) रिक्त : संच आला आहे व त्यात एकही घटक नाही. (६) विफल : संच आणण्याचा प्रयत्न फसला आहे.

बहुसंख्य सदोष अर्जांत यांपैकी केवळ सिद्ध आणि निश्चित या दोन अवस्था रचलेल्या असतात. उरलेल्या चार योगायोगावर सोडलेल्या असतात. त्यामुळे अनियत, प्रतीक्षा, रिक्त व विफल या चारही अवस्था अर्ज भरणाऱ्याला एकसारख्याच दिसतात : एक कोरी पेटी. त्या पेटीपुढे त्याने काय करावे हे मात्र चारही वेळा वेगळे असते. अनियत अवस्थेत त्याने आधी जिल्हा निवडावा, प्रतीक्षेत थांबावे, रिक्त अवस्थेत पुढे जावे, विफल अवस्थेत पुन्हा प्रयत्न करावा. यावरून नियम असा : प्रत्येक अवस्थेचे स्वतंत्र वाक्य सूचीच्या पहिल्या ओळीत अथवा तिच्याखाली असावे. ‘आधी जिल्हा निवडा’, ‘गावांची यादी येत आहे’, ‘तालुका निवडा’, ‘या जिल्ह्यात तालुका लागू नाही’, ‘यादी मिळाली नाही, पुन्हा प्रयत्न करा’. शेवटच्या वाक्यासोबत तसे बटणही हवे. ज्याला अर्ज भरायचा आहे त्याच्यावर जिल्हा बदलून परत तोच जिल्हा निवडण्याची युक्ती शोधून काढण्याची पाळी आणू नये.

पडद्यावरील मजकूर ऐकून अर्ज भरणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीला सूची भरल्याचे दिसत नाही, म्हणून अवस्थेतील बदल उच्चारला जाईल अशी योजना करावी. डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या २०१८ मधील २.१ या आवृत्तीत अशा स्थितिसूचनांसाठी स्वतंत्र निकष आहे. तेथील आणखी एक निकष येथे लागू पडतो : निवड बदलल्यामुळे पूर्वसूचनेवाचून संदर्भच बदलून जाता कामा नये. जिल्हा निवडताच कर्सर आपोआप तालुक्यावर नेणे हे सौजन्य वाटते, परंतु कळफलकाने चालणाऱ्यास ते अडथळा होते.

अनियत व प्रतीक्षा या अवस्थांत सूची निष्क्रिय ठेवण्याचा प्रघात आहे. त्यात एक सूक्ष्म धोका आहे. एचटीएमएलमध्ये निष्क्रिय घटकाचे मूल्य अर्जासोबत पाठवले जात नाही; शिवाय निष्क्रिय घटक अनिवार्यतेच्या तपासणीतूनही वगळला जातो. म्हणजे तालुका अनिवार्य ठरवलेला असतानाही, त्याची सूची प्रतीक्षेत निष्क्रिय असण्याच्या क्षणी ‘सादर करा’ दाबले, तर ब्राउझर हरकत न घेता तालुक्याविना अर्ज पाठवून देतो. म्हणून कोणतीही सूची प्रतीक्षेत वा विफल असेपर्यंत अर्ज सादर होऊ नये अशी व्यवस्था वेगळी करावी लागते.

पर्याय दाखवण्याच्या तंत्राविषयी एवढेच पुरे. सर्व तालुके एकाच सूचीत ठेवून नको ते लपवण्याची पद्धत टाळावी. सूचीतील पर्याय लपवणे सर्व ब्राउझरांत सारखे विश्वसनीय नाही, आणि लपलेला पर्याय निवडलेलाच राहू शकतो. सूची रिकामी करून नव्याने भरावी, आणि नाम मजकूर म्हणूनच घालावे, एचटीएमएल म्हणून घालू नये.

६. संक्रमण

अवस्थेकडून अवस्थेकडे जाणे म्हणजे संक्रमण. संगतिनियम मोडतो तो बहुधा येथेच; आणि तीन स्थळी मोडतो.

पहिले स्थळ, नियामक बदलण्याचा क्षण. नियामक बदलताच आश्रिताची निवड त्याच क्षणी काढून टाकावी. नवा संच आल्यावर काढू असे म्हणू नये. मधल्या काळात नवा जिल्हा आणि जुना तालुका एकत्र दिसतात व सादरही होऊ शकतात. येथे एक मोह होतो : जुनी निवड नव्या संचात असेल तर ती राखावी. मूल्य संकेतांक असेल तर हा मोह निरुपद्रवी आहे, कारण एकपितृक संबंधात जुना संकेतांक नव्या संचात सापडणारच नाही. मूल्य नाम असेल तर तो घातक आहे. पुणे जिल्ह्यातील खेड निवडलेल्या व्यक्तीने जिल्हा बदलून रत्नागिरी केला, तर नामाने तपासणाऱ्या अर्जाला खेड सापडतो व तो राखला जातो. भीमाकाठचा खेड जगबुडीकाठी जातो आणि पडद्यावर एक अक्षरही बदललेले दिसत नाही.

निवड काढून टाकण्याचे हे शुद्धीकरण संपूर्ण साखळीचे करावे. जिल्हा बदलल्यावर तालुका कोरा झाला, पण गाव तसेच राहिले, हा दोष फार आढळतो. त्याचे कारण तांत्रिक आहे. निवड बदलल्याची ‘चेंज’ ही सूचना ब्राउझर तेव्हाच देतो जेव्हा बदल मनुष्याने केलेला असतो. जावास्क्रिप्टने तालुका कोरा केला तर ती सूचना निघत नाही, आणि तिची वाट पाहणाऱ्या गावाच्या सूचीला काहीच कळत नाही. म्हणून प्रत्येक सूचीने शेजारच्या सूचनेवर विसंबू नये. ‘या पायरीखालील सर्व कोरे करा’ ही एकच क्रिया लिहून ती सर्वत्र वापरावी.

दुसरे स्थळ, उत्तरांचा उलटा क्रम. कोणी रायगड निवडला, लगेच चूक ध्यानात आल्याने रत्नागिरी केला. तालुक्यांनाही प्रसंगवहन योजलेले असल्याने दोन मागण्या निघाल्या. जाळ्यावर आधी निघालेली मागणी आधीच परतेल अशी हमी नसते. रत्नागिरीचे उत्तर प्रथम आले : मंडणगड, दापोली, खेड, गुहागर, चिपळूण, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा, राजापूर. क्षणभराने रायगडचे उत्तर आले आणि त्याने ही सूची पुसून अलिबाग, पेण, पनवेल भरले. वर जिल्हा रत्नागिरी, खाली तालुके रायगडचे. अर्ज भरणाऱ्याने यात काहीही चुकीचे केलेले नाही. हा दोष कार्यालयातील वेगवान जोडणीवर तपासणाऱ्याला दिसत नाही. तो मंद जोडणीवर दिसतो, म्हणजे ज्यांना तो सर्वांत महाग पडतो त्यांनाच दिसतो.

यावर दोन उपाय आहेत. (१) नवी मागणी काढताना जुनी रद्द करणे. आजच्या ब्राउझरांत यासाठी अबॉर्टकंट्रोलर आहे. (२) प्रत्येक उत्तरासोबत ते कोणत्या नियामक मूल्याचे आहे हे सांगणे, आणि उत्तर हाती आल्यावर ते मूल्य नियामकाच्या सद्य मूल्याशी ताडून पाहणे. जुळले नाही तर उत्तर टाकून देणे. पहिल्याने जाळ्यावरील भार वाचतो. संगतीची हमी दुसरा देतो, कारण तो संगतिनियमाचेच शब्दशः रूपांतर आहे. म्हणून पहिला ऐच्छिक व दुसरा अनिवार्य मानावा.

तिसरे स्थळ, कळफलक. सूची न उघडता बाणाच्या कळीने खाली जाणाऱ्याला अकोल्यापासून पुण्यापर्यंत पोहोचण्यासाठी मधल्या प्रत्येक जिल्ह्यावरून जावे लागते, आणि काही ब्राउझर प्रत्येक पायरीला निवड बदलल्याची सूचना देतात. प्रसंगवहन असेल तर तितक्या मागण्या निघतात. मागणी काढण्यापूर्वी सेकंदाच्या अल्प अंशाइतके थांबावे. शुद्धीकरण मात्र थांबू नये, ते तत्क्षणीच व्हावे.

७. पुनःस्थापन

आतापर्यंत अर्ज कोरा उघडतो असे गृहीत होते. व्यवहारात तो भरलेलाही उघडतो : साठवलेली माहिती दुरुस्त करताना, चुकीमुळे सर्व्हरने अर्ज परत पाठवल्यावर, अथवा ब्राउझरने मागील पानावर आल्यावर जुन्या निवडी स्वतःहून भरल्यावर. या तिन्ही प्रसंगांत साखळी वरून खाली क्रमाने उभी करावी लागते. प्रथम जिल्ह्याची निवड, मग तालुक्यांचा संच, मग तालुक्याची निवड, मग गावांचा संच, शेवटी गावाची निवड. संच येण्यापूर्वीच त्यातील मूल्य निवडण्याचा प्रयत्न केला, तर सूचीत तो पर्याय नसल्याने निवड रिकामी होते आणि कोणतीही त्रुटी नोंदवली जात नाही. त्यात वर सांगितलेला नियमही लागू होतो : जावास्क्रिप्टने जिल्हा भरल्यास ‘चेंज’ सूचना निघत नाही, म्हणून तालुक्यांची मागणीही आपोआप निघत नाही. पहिल्या दोन प्रसंगांत सर्वांत निर्दोष मार्ग हा की साठवलेल्या निवडींसह तिन्ही सूची सर्व्हरनेच पूर्ण भरून पाठवाव्यात. तिसऱ्या प्रसंगासाठी पान उघडताच नियामकाचे मूल्य वाचून साखळी एकदा तपासावी.

मोबाइल क्रमांकातील एका चुकीमुळे परत आलेल्या अर्जात तालुका व गाव कोरे झालेले असणे ही सामान्य गोष्ट मानली जाते. ती मानू नये. सेवा केंद्रात रांगेत उभ्या माणसाच्या वेळेचा तो अपव्यय आहे.

८. सर्व्हरवरील पडताळणी

ब्राउझरातील संगती ही अर्ज भरणाऱ्याची सोय आहे, ते प्रमाण नव्हे. सर्व्हरकडे येणारी मागणी आपल्याच पानातून आली असेल असे मानण्यास आधार नाही; पान सकाळी उघडून दुपारी सादर झाले असेल, आणि मधल्या वेळात संबंध बदलला असेल. म्हणून सर्व्हरने तीन प्रश्न पुन्हा विचारावेत : मूल्य अस्तित्वात आहे काय, ते नियामक मूल्याच्या संचात आहे काय, आणि संच रिक्त नसता मूल्य अनुपस्थित आहे काय. दुसऱ्या प्रश्नाऐवजी केवळ पहिला विचारून थांबण्याची चूक विशेष घडते : तालुका खरा, जिल्हाही खरा, जोडी खोटी.

डेटाबेसच्या पातळीवर याहून बळकट उपाय आहे. एकपितृक संबंधात केवळ गावाचा संकेतांक साठवावा आणि तालुका व जिल्हा संबंधाच्या टेबलवरून काढावेत. मग विसंगत जोडी साठवण्यास जागाच उरत नाही. काही कारणाने तिन्ही साठवणे आवश्यक असेल, तर जिल्हा व तालुका यांच्या जोडीवर संयुक्त फॉरेन की ठेवावी.

९. काल

येथवर संबंध स्थिर मानला आहे. तो स्थिर नाही, आणि या विषयातील सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे.

बदल दोन जातींचे असतात. पहिला नामांतर. २०२३ मध्ये औरंगाबाद व उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे छत्रपती संभाजीनगर व धाराशिव झाली. येथे केवळ नाम बदलले; वस्तू, मूल्य व संबंध तेच राहिले. मूल्य संकेतांक असेल तर एका नोंदीत एक शब्द बदलून काम संपते. ज्यांनी नाम हेच मूल्य केले होते, त्यांना साठवलेली प्रत्येक नोंद बदलावी लागते. दुसरा विभाजन. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा निघाला आणि वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड व पालघर हे आठ तालुके त्यात गेले. येथे तालुक्यांची नामे व मूल्ये तीच राहिली, संबंध बदलला.

विभाजनानंतर जुन्या नोंदी कठीण होतात. २०१० मध्ये भरलेल्या अर्जात जिल्हा ठाणे व तालुका डहाणू आहे. ती नोंद तेव्हा संगत होती. आज ती दुरुस्तीसाठी उघडली तर ठाण्याच्या संचात डहाणू नाही. संगतिनियम पाळणारा अर्ज तालुका कोरा करतो, आणि केवळ मोबाइल क्रमांक बदलायला आलेल्या व्यक्तीच्या पत्त्यातील खरी माहिती पुसली जाते. नियम पाळूनही अनर्थ झाला. याचे कारण नियमाच्या विधानात ‘त्या क्षणीचे मूल्य’ होते, ‘त्या क्षणीचा संबंध’ नव्हता. म्हणून संबंधाच्या प्रत्येक ओळीला दोन तारखा जोडाव्यात : केव्हापासून, केव्हापर्यंत. ठाणे–डहाणू ही ओळ ३१ जुलै २०१४ ला संपते, पालघर–डहाणू ही ओळ दुसऱ्या दिवशी सुरू होते. ओळ खोडून टाकू नये, समाप्तीची तारीख घालून बंद करावी. या तारखांशिवाय आठव्या प्रकरणातील ‘केवळ गाव साठवा’ हा उपायही अपुरा ठरतो, कारण गावावरून काढलेला जिल्हा आजचा असतो, नोंदीच्या दिवसाचा नसतो.

तारखा जोडल्यावर प्रत्येक साखळीबाबत विचारावे लागते : हा अर्ज कोणत्या दिवसाचा संबंध मागतो? सध्याचा पत्ता आजचा संबंध मागतो. जन्मस्थान तसे नाही. १९८५ मध्ये शहादा येथे जन्मलेल्या व्यक्तीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जिल्हा धुळे असतो, कारण नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. जातीच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज भरताना ती दाखल्याप्रमाणे धुळे निवडते, आणि तालुक्याच्या सूचीत शहादा नसतो. नंदुरबार निवडावा तर दाखल्याशी अर्ज जुळत नाही. दोन्हीपैकी कोणतीही निवड केली तरी पुढे कोणीतरी हरकत घेऊ शकतो, आणि व्यक्तीचे म्हणणे मात्र आरंभापासून खरे आहे. जन्मस्थानाच्या साखळीत जन्मतारीख ही दुसरी नियामक ठरते. संबंध दुसऱ्या प्रकरणातील संयुक्त प्रकारात जातो, आणि तालुक्याचा संच जिल्हा व तारीख या दोहोंवरून काढावा लागतो. जिल्ह्याची सूचीही मग त्या दिवशी अस्तित्वात असलेल्या जिल्ह्यांचीच असावी लागते. तेव्हा अर्जाच्या मांडणीत जन्मतारखेची पेटी जन्मस्थानाच्या आधी ठेवावी, आणि तारीख बदलल्यास जिल्हा, तालुका व गाव या तिन्ही पायऱ्यांची संगती नव्याने तपासावी.